विश्लेषण : अडचणीतल्या वृत्तपत्रांना सरकारने पैसे द्यावेत का?

सरकारी जाहिरातींचे दर वाढले, तरी तालुक्याच्या गावातली पत्रकारिता सावरेल का? कळंबच्या अंगाने या प्रश्नाचा घेतलेला वेध.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये छापील वृत्तपत्रांना दिल्या जाणाऱ्या जाहिरातींचे दर २६ टक्क्यांनी वाढवले. एक लाख खपाच्या दैनिकात कृष्णधवल जाहिरातीसाठी प्रति चौरस सेंटिमीटर ४७ रुपये ४० पैसे असलेला दर ५९ रुपये ६८ पैशांवर गेला. आधीची वाढ जानेवारी २०१९ मधली, २५ टक्क्यांची. म्हणजे जवळपास सात वर्षांनी दर हलले. वृत्तपत्रांच्या मालकांनी त्याचे स्वागत केले. त्याच वेळी एक जुना प्रश्नही पुन्हा वर आला : वृत्तपत्रे चालत नसतील तर ती सरकारने चालवायची का? आणि सरकारने पैसे दिले तर ती सरकारला प्रश्न विचारतील का?

हा प्रश्न मुंबई-दिल्लीत तात्त्विक वाटतो. धाराशिव जिल्ह्यातल्या कळंबसारख्या तालुक्याच्या गावात मात्र तो रोजच्या व्यवहाराचा आहे.

कळंबमध्ये बातमीचा खर्च कोण उचलतो?

मांजरा नदीकाठचे कळंब हे लातूर, बीड आणि धाराशिव या तीन जिल्ह्यांच्या ठिकाणांच्या मधले गाव. मोठ्या दैनिकांचे छापखाने छत्रपती संभाजीनगर, सोलापूर, लातूर अशा शहरांत. रात्री छापलेला अंक गाडीने येतो आणि सकाळी विक्रेत्यांच्या हाती पडतो. वाचक जे चार-सहा रुपये मोजतो, त्यातून विक्रेत्याचे कमिशन आणि वाहतूक वजा केली तर कागदाचा खर्चही धड निघत नाही. अंकाचा खरा खर्च जाहिरात उचलते.

बातमी गोळा करणारा तालुका प्रतिनिधी बहुतेक वेळा पगारी नोकर नसतो. त्याला थोडेफार मानधन मिळते, कधी तेही नसते. उत्पन्नाचा मुख्य भाग असतो तो त्याने आणलेल्या जाहिरातींवरचे कमिशन. त्यामुळे पोटापाण्यासाठी शेती, दुकान किंवा दुसरा एखादा व्यवसाय लागतोच. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, दिवाळी, दैनिकाचा वर्धापनदिन आणि नेत्यांचे वाढदिवस हे त्याच्यासाठी पुरवण्यांचे, म्हणजे उद्दिष्ट पूर्ण करण्याचे दिवस.

या जाहिराती देणारे कोण? नगरपरिषद, बाजार समिती, साखर कारखाना, पतसंस्था, शिक्षणसंस्था आणि पुढारी. बातमी लिहायची तीही याच मंडळींविषयी. गावातल्या साप्ताहिकाची स्थिती आणखी अवघड. तिथे संपादक, वार्ताहर, जाहिरात व्यवस्थापक आणि अंक वाटणारा हा पुष्कळदा एकच माणूस असतो.

एवढ्याशा गावातली बातमी गेली तर काय बिघडते?

२०२० च्या खरिपाचे उदाहरण या जिल्ह्याला माहीत आहे. पावसाने सोयाबीन हातचे गेले, पण नुकसान ७२ तासांत कळवले नाही या कारणावरून लाखो शेतकऱ्यांना विम्याची भरपाई नाकारली गेली. हा वाद उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आणि तिथून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतर पुन्हा तेच प्रश्न आले : पंचनामा झाला का, यादीत नाव आहे का, कोणते गाव सुटले? मुंबईच्या वाहिनीवर पुराचे दृश्य दिसते. कोणत्या मंडळातला पर्जन्यमापक बंद होता, हे सांगायला तालुक्यातलाच माणूस लागतो.

दुसरे उदाहरण कारभाराचे. २०२१-२२ मध्ये मुदत संपल्यावर राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदा आणि जिल्हा परिषदा कित्येक वर्षे प्रशासकांकडे होत्या. नगरपरिषदांच्या निवडणुका अखेर डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. मधल्या काळात ना नगरसेवक होते, ना विरोधी पक्ष, ना सर्वसाधारण सभेतली खडाजंगी. रस्त्याचे देयक कोणाला गेले, पाणी किती दिवसांनी येते, हे विचारणारा उरला तो स्थानिक पत्रकार. आणि त्याच्या वृत्तपत्राला जाहिरात देण्याचा निर्णय ज्यांच्या हाती, ते त्याच कार्यालयात बसलेले.

बातमी नसण्याची किंमत पैशातही मोजली गेली आहे. अमेरिकेतल्या वित्त विषयाच्या तीन संशोधकांनी स्थानिक वृत्तपत्र बंद पडलेल्या भागांचा अभ्यास केला. तिथल्या स्थानिक संस्थांना रोखे काढून कर्ज घेताना जादा व्याज मोजावे लागते, असे त्यांना आढळले. कारभारावर कोणाची नजर नाही, हे पैसे देणाऱ्यालाही कळते. ते जादा व्याज भरतो शेवटी करदाताच.

वृत्तपत्रांचे दुखणे कधी वाढले?

पैशाची चणचण मराठी वृत्तपत्रांना नवी नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू केलेले ‘दर्पण’ही १८४० मध्ये थांबले. पण गेल्या काही वर्षांत एकामागून एक धक्के बसले.

पहिला धक्का कागदाचा. जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पात आयात वृत्तपत्र कागदावर १० टक्के सीमा शुल्क लागले. फेब्रुवारी २०२० मध्ये ते ५ टक्क्यांवर आणले गेले. दुसरा धक्का करोनाचा. एप्रिल २०२० मध्ये राज्य सरकारने घरोघरी अंक टाकण्यास मनाई केली आणि औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. पुढे मनाई उठली, पण तुटलेली सवय पुष्कळ घरांत परत आली नाही. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर कागद पुन्हा भडकला, कारण भारताला कागद पुरवणाऱ्या देशांत रशिया मोठा होता.

तिसरा धक्का हातातल्या फोनचा. कळंबचा कापड दुकानदार दिवाळीची जाहिरात आता व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर फुकट टाकतो. थोडे पैसे खर्चायचे ठरवले तर ते फेसबुक-गूगलकडे जातात. वृत्तपत्राची पीडीएफ सकाळी सातच्या आत गावातल्या दहा ग्रुपवर फिरते. वाचक घटले असे म्हणावे तर ते खरे नाही, पण त्या वाचनातून वृत्तपत्राला एक पैसाही मिळत नाही.

सरकार आज काहीच देत नाही का?

देते, आणि बऱ्याच वाटांनी देते. म्हणून ‘सरकारने पैसे द्यावेत का’ हा प्रश्न निम्मा जुना झाला आहे.

मुख्य वाट जाहिरातींची. केंद्राच्या जाहिराती केंद्रीय संचार ब्यूरोमार्फत येतात. पूर्वी हे काम ‘डीएव्हीपी’ नावाने ओळखली जाणारी यंत्रणा करत असे. केंद्राच्या २०२० च्या धोरणानुसार २५ हजारांपर्यंत खप असलेले वृत्तपत्र लहान, ७५ हजारांपर्यंत मध्यम आणि त्यापुढचे मोठे धरले जाते. राज्याच्या जाहिराती माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडून येतात. जाहिरात यादीवर नाव असलेल्या वृत्तपत्रांची अ, ब, क अशी वर्गवारी असते. निविदा-सूचनांसारख्या वर्गीकृत जाहिराती जिल्हा माहिती कार्यालयामार्फत पाळीपाळीने वाटल्या जातात. जिल्ह्यातल्या लहान वृत्तपत्रांच्या भाषेत हेच ‘रोटेशन’. पाळी कधी येणार आणि बिल कधी निघणार, यावर त्यांचा महिना ठरतो.

दुसरी वाट सवलतींची. अंकाच्या विक्रीवर जीएसटी नाही, छापील जाहिरातीवर तो ५ टक्के आहे. नोंदणीकृत वृत्तपत्राला टपालात नाममात्र दर लागतो. वर्गणीदारांना पोस्टाने अंक पाठवणारी साप्ताहिके त्या सवलतीवरच टिकून आहेत.

तिसरी वाट व्यक्तीला मदत करण्याची. आचार्य बाळशास्त्री जांभेकर यांच्या नावाच्या योजनेतून राज्य सरकार ज्येष्ठ पत्रकारांना दरमहा सन्मानधन देते. ते ११ हजार रुपये होते, २०२४ मध्ये २० हजार करण्यात आले.

थोडक्यात, पैसा वाहतोच आहे. प्रश्न उरतो तो नळावर हात कोणाचा, हा.

नळावर हात असला की काय होते?

आणीबाणीत ते देशाने पाहिले. १९७७ मध्ये नव्या सरकारने प्रसारमाध्यमांच्या गैरवापराविषयी श्वेतपत्रिका काढली. वृत्तपत्रांची मित्र, तटस्थ आणि विरोधी अशी विभागणी करून जाहिरातींचा हात कसा आखडला किंवा सैल सोडला गेला, हे तिच्यात नोंदलेले आहे.

आंध्र प्रदेशात ‘ईनाडू’ या तेलुगू दैनिकाच्या जाहिरातींवरून वाद झाला, तो तिथल्या उच्च न्यायालयात गेला. १९८१ च्या निकालाचा गाभा असा : सरकारी जाहिरात मिळणे हा वृत्तपत्राचा हक्क नाही, पण सरकारलाही ती मर्जीने वाटण्याचा किंवा शिक्षा म्हणून रोखण्याचा अधिकार नाही. १३ मे २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘कॉमन कॉज’ प्रकरणात सरकारी जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. एखाद्या माध्यमसमूहावर मेहेरनजर नको, खपानुसार वर्गवारी करून सर्वांना समान न्याय द्यावा, असे त्यात आहे.

नियम चांगले आहेत. पण कळंबच्या साप्ताहिकाला या निकालांचा आधार घेऊन उच्च न्यायालयात जाणे परवडत नाही. शिवाय जाहिरात रोखायला लेखी आदेश लागत नाही. बिल लांबवले तरी पुरते. चार महिने देयक अडकले की पुढची बातमी लिहिताना हात आपोआप अडखळतो. ते कोणी सांगावे लागत नाही आणि कुठे नोंदलेही जात नाही.

मग ‘गुण’ देऊन पैसे वाटता येतील का?

मर्जीवर उपाय म्हणून केंद्राने २०१६ च्या धोरणात शंभर गुणांची पद्धत आणली होती. खपाच्या प्रमाणपत्राला २५, कर्मचाऱ्यांच्या भविष्यनिर्वाह निधीला २०, पानांच्या संख्येला २०, वृत्तसंस्थेच्या सेवेला १५, स्वतःच्या छापखान्याला १० आणि प्रेस कौन्सिलच्या वर्गणीला १० गुण.

हेतू चांगला होता. केवळ यादीत राहण्यापुरते मोजके अंक छापायचे, दुसऱ्याच्या बातम्या जशाच्या तशा उचलायच्या आणि सरकारी जाहिरातीवर चालायचे, अशा कागदी वृत्तपत्रांना त्यातून चाळणी लागणार होती. पण यादी पुन्हा वाचली तर एक गोष्ट खटकते. यंत्राला गुण आहेत, पानांना आहेत, दिल्लीहून येणाऱ्या बातमीला आहेत. नगरपरिषदेच्या सभेला जाऊन बसणाऱ्या माणसासाठी वेगळा गुण नाही. भविष्यनिर्वाह निधीचे २० गुण त्याच्या जवळचे खरे, पण तालुका प्रतिनिधी पगारपत्रकावरच नसेल तर तो त्यातही मोजला जात नाही.

सरकार ज्याला गुण देते, त्याचीच वृत्तपत्रे भर घालतात. पानांना गुण दिले तर पाने वाढतील. बातमीदाराला गुण दिले तर कदाचित बातमीदार वाढतील.

मोठ्यांना आवरून लहानांना वाचवता येते का?

हा प्रयोग स्वतंत्र भारतात झाला आणि त्याचा शेवट एका मराठी दैनिकाच्या खटल्यात झाला. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या प्रेस कमिशनने १९५४ मध्ये पाने आणि किंमत यांचे कोष्टक बांधावे, असे सुचवले. मोठी वृत्तपत्रे स्वस्तात जास्त पाने देऊन लहानांना संपवतात, हा त्यामागचा विचार. त्यानुसार १९५६ चा कायदा आणि १९६० चा आदेश आला. किती किमतीला किती पाने द्यायची, हे सरकार ठरवणार होते.

नानासाहेब परुळेकरांनी १९३२ मध्ये सुरू केलेल्या पुण्याच्या ‘सकाळ’ने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. एकतर पाने कमी करा, नाहीतर किंमत वाढवून वाचक गमवा, अशी ती कोंडी होती. १९६१ मध्ये न्यायालयाने कायदा रद्द केला. लहान वृत्तपत्रांना मदत करण्याचा हेतू चांगला असला तरी त्यासाठी दुसऱ्याच्या खपावर, म्हणजे त्याच्या अभिव्यक्तीवर, बंधन घालता येणार नाही, असा त्याचा आशय. १९७२ मध्ये ‘बेनेट कोलमन’ खटल्यात न्यायालयाने दहा पानांच्या मर्यादेसह वृत्तपत्र कागदाच्या धोरणातली बंधनेही याच रांगेत बसवली.

तेव्हापासून रेघ स्पष्ट आहे. एकाला खाली ओढून दुसऱ्याला उभे करता येत नाही. लहानांना वेगळा हात देता येतो, पण तो कोणत्या हाताने द्यायचा हे मात्र तिथून पुढे कधी नीट ठरले नाही. न्यायमूर्ती मॅथ्यू यांच्या दुसऱ्या प्रेस कमिशनने १९८२ मध्ये भारतीय भाषांतल्या आणि स्थानिक वृत्तपत्रांच्या वाढीसाठी स्वतंत्र वृत्तपत्र विकास आयोग सुचवला. तो कागदावरच राहिला.

बाहेरच्या देशांनी काय केले?

नॉर्वेने १९६९ मध्ये आणि स्वीडनने १९७१ मध्ये वृत्तपत्रांना थेट अनुदान सुरू केले. एका गावात दोन वृत्तपत्रे असतील तर दुसऱ्या क्रमांकाचे टिकावे, हा हेतू. पैसे मजकूर पाहून द्यायचे नाहीत, खपाच्या आकड्यावर आणि ठरलेल्या सूत्रावर द्यायचे, ही अट. नॉर्वेची लोकसंख्या साधारण ५५ लाख. तिथे आजही दोनशेहून अधिक वृत्तपत्रे निघतात, त्यातली कित्येक अगदी छोट्या गावांची.

पण स्वीडनने दुसरी बाजूही दाखवली. माल्मो शहरातले ‘आर्बेटेट’ हे दैनिक वर्षानुवर्षे भरघोस अनुदान घेत होते. २००० मध्ये तरीही ते बंद पडले. वाचक निघून गेला तर अनुदान दुखणे लांबवते, बरे करत नाही.

कॅनडाने २०१९ मध्ये पाच वर्षांसाठी सुमारे ६० कोटी डॉलरची योजना आखली. तिचा मोठा भाग पत्रकारांच्या पगाराशी बांधलेली कर सवलत. किती पत्रकार नेमले, त्यावर सवलत. ऑनलाइन वर्गणी भरणाऱ्या वाचकालाही १५ टक्के कर सवलत. पात्रता ठरवण्यासाठी सरकारबाहेरचे सल्लागार मंडळ. तरीही सरकारच्या पैशावर जगणारे सरकारवर काय लिहिणार, ही टीका तिथेही झालीच.

कळंबला सगळ्यात जवळचा वाटावा असा प्रयोग ब्रिटनमधला. बीबीसी २०१८ पासून परवाना शुल्काच्या पैशातून स्थानिक वृत्तपत्रांत बातमीदार नेमण्याचा खर्च उचलते. त्यांची संख्या आता सुमारे १६५ आहे. त्यांचे काम एकच : नगरपालिका आणि स्थानिक संस्थांच्या सभांना जायचे, कागद वाचायचे, बातमी द्यायची. ती बातमी योजनेतल्या सगळ्या माध्यमांना वापरता येते. इथे पैसे वृत्तपत्राच्या नावाला मिळत नाहीत, त्या सभेला बसणाऱ्या माणसाच्या कामाला मिळतात.

‘अजिबात देऊ नका’ म्हणणाऱ्यांचे काय?

त्यांचा मुद्दा वजनदार आहे, आणि मराठवाड्यात तर विशेषच. कळंब हे १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्या काळात आ. कृ. वाघमारे यांच्या ‘मराठवाडा’ साप्ताहिकावर बंदी आली, तेव्हा ते नावे बदलून निघत राहिले. पुढे अनंत भालेराव यांच्या संपादकत्वाखाली ‘मराठवाडा’ या प्रदेशाचा आवाज झाला. सत्तेची मर्जी राखून ती परंपरा उभी राहिलेली नाही. तीच सत्ता आज पगार देणार असेल, तर उद्या त्या वृत्तपत्राचा काय भरवसा?

दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा. सोयाबीनला हमीभाव मिळत नसताना, शाळेला शिक्षक नसताना, करदात्याचा पैसा तोट्यातल्या धंद्याला का? आणि त्यातही मोठ्या समूहांना? केंद्राची दरवाढ खपाशी बांधलेली आहे. खप जितका मोठा, तितकी तिची रक्कम मोठी. २६ टक्क्यांचा मोठा घास मोठ्या दैनिकांच्या वाट्याला येणार हे उघड आहे. त्यातून कळंबच्या तालुका प्रतिनिधीचे मानधन वाढेलच, अशी अट त्या निर्णयात कुठेही नाही.

या आक्षेपांना उत्तर एकच. आज पैसा थांबलेला नाही, तो अंधारात वाहतो आहे. ‘देऊ नका’ म्हटल्याने तो थांबणार नाही. उलट वाढदिवसाच्या पुरवणीतून आणि अडकलेल्या बिलातून तो वाहतच राहील. म्हणून निवड आहे ती अंधारातला पैसा आणि उजेडातला पैसा यांत.

कळंबला उपयोगी पडेल असे काय करता येईल?

पहिले काम बिनखर्चाचे. कोणत्या वृत्तपत्राला कोणत्या कार्यालयाने किती रुपयांची जाहिरात दिली, पाळी कोणाची होती आणि बिल कधी निघाले, याची यादी जिल्हा माहिती कार्यालयाने दर महिन्याला जाहीर करायची. नगरपरिषदेने आणि जिल्हा परिषदेनेही तसेच करायचे. गावाला यादी दिसली की मर्जीचा खेळ अवघड होतो. कोण कशामुळे गप्प आहे, हेही वाचकाला कळते.

दुसरे, देयकाला मुदत. ठरलेल्या दिवसांत बिल निघाले नाही तर त्यावर व्याज. लहान वृत्तपत्राला नव्या योजनेपेक्षा वेळेवर आलेला जुना पैसा जास्त उपयोगी आहे. करोनाकाळात वृत्तपत्रसंस्थांनी केंद्राकडे ज्या मागण्या केल्या, त्यात थकीत बिलांचा मुद्दा होताच.

तिसरे, वर्गवारीत बातमीदाराला वजन. तालुक्यात किती प्रतिनिधी नेमले, त्यांना खात्यावर ठरावीक मानधन मिळते का, ते जाहिरातीच्या उद्दिष्टापासून मोकळे आहेत का, याला गुण द्यावेत. जाहिरात आणणारा आणि बातमी लिहिणारा वेगळा झाला, तर अर्धे ओझे उतरेल.

चौथे, पैसा वाचकाच्या हाती. याची सोय महाराष्ट्रात आधीपासून आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली गावोगावच्या ग्रंथालयांना अ ते ड वर्गानुसार अनुदान मिळते, आणि २०२२ मध्ये त्यात ६० टक्के वाढही झाली. ग्रंथालय त्यातून वृत्तपत्रे घेते. कोणते घ्यायचे, हे मंत्रालय सांगत नाही, ग्रंथालय ठरवते. याच अनुदानात स्थानिक वृत्तपत्रांच्या वर्गणीसाठी वेगळी रक्कम ठेवली, तर येरमाळ्याच्या किंवा शिराढोणच्या वाचनालयात बसणारा वाचक ठरवेल की कोणते साप्ताहिक जगावे. सरकार पैसे देईल, पण निवड सरकारची नसेल.

पाचवे, स्वतंत्र निधी. प्रत्येक तालुक्यासाठी एक बातमीदार, काम नगरपरिषद, पंचायत समिती आणि बाजार समितीच्या सभांचे, बातमी सर्व वृत्तपत्रांना आणि नोंदणीकृत डिजिटल माध्यमांना खुली. नेमणूक आणि पैसा मंत्रालयाबाहेरच्या, कायद्याने उभ्या केलेल्या मंडळाकडे. दुसऱ्या प्रेस कमिशनची जुनी शिफारस नव्या रूपात काढायला हरकत नाही. मंडळावर कोण बसणार, यावरच त्याची पत ठरेल, हे खरे. नेमणुकीची खुर्ची पुन्हा मर्जीची झाली, तर नवे मंडळ जुन्याच नळाची दुसरी तोटी ठरेल.

वाचकाने काही करायचे आहे का?

हे सगळे सरकारने केले, तरी एक गोष्ट सरकारच्या हातात नाही. स्वीडनच्या दैनिकाने दाखवले तसे, वाचकच गेला तर अनुदान पुरत नाही. महिन्याला दीडशे रुपयांचे वृत्तपत्र बंद करून ग्रुपवरची पीडीएफ वाचणाऱ्या घरात मोबाइलचे रिचार्ज त्याहून जास्त असते. त्या दीडशे रुपयांत सरकारची मर्जी नसते आणि कारखान्याचीही नसते. ते थांबले की वृत्तपत्र दुसऱ्या कोणाच्या तरी पैशाकडे वळते. तो दुसरा कोण, हे मग वाचक ठरवत नाही.

कळंबच्या नगरपरिषदेत आता पुन्हा सभा भरतील, ठराव होतील, निविदा निघतील. त्यातल्या काही निविदांच्या जाहिराती जिल्ह्यातल्या लहान वृत्तपत्रांत छापून येतील. तेच काम निकृष्ट झाले, तर त्याच्या पुढच्या अंकात ते छापून येते का, यावर सरकारी पैसा कसा दिला जावा याचे उत्तर ठरेल. जाहिरात आणि बातमी दोन्ही एकाच वृत्तपत्रात बिनधास्त शेजारी छापता आल्या, तर पैसे देण्याची पद्धत बरोबर आहे. जाहिरात छापली गेली आणि बातमी राहिली, तर २६ टक्के काय नि ५० टक्के काय, वाढीचा फायदा गावाला झालेला नसेल.